नाळेवरचे नाना

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की नाना साळवे आधी काहीतरी हलवून बघायचे. पाणी नंतर, खुर्ची नंतर, 'कसे आहात' वगैरे तर त्याहून नंतर. आमच्या अंबरनाथच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी दारात बूट काढले आणि थेट बाल्कनीत जाऊन कपडे वाळत घालायची दांडी दोन्ही हातांनी धरून खाली ओढली. माझ्या सासूबाई चहा टाकायला निघाल्या होत्या, त्या जागीच थांबल्या. "एक स्क्रू ढिला आहे," नानांनी जाहीर केलं, "पण साड्यांना चालेल. माणूस टांगायचा नसला म्हणजे झालं." त्यानंतर कितीतरी दिवस सासूबाईंनी त्या दांडीवर ओली चादर टाकायची हिंमत केली नाही.

नाना गेले त्याला आता वर्ष होत आलं. उंच, ताठ माणूस. मिशी काळीभोर, म्हणजे काळीभोर केलेली, आणि तिच्याबद्दल कुणी काही बोललेलं त्यांना खपायचं नाही. जन्म उल्हासनगरच्या कॅम्पातला, उभी नोकरी नौदलातली, आणि निवृत्तीनंतरचा फ्लॅट बदलापूरला. "अख्खा समुद्र सोडून बारवी धरणाचं पाणी प्यायला आलो, बघ," असं ते म्हणायचे, पण तक्रार म्हणून नव्हे. विनय हा गुण त्यांना कुणी शिकवला नव्हता आणि त्यांनीही तो कधी मागितला नाही. आपल्यासारखी गाठ कुणाला मारता येत नाही, हे ते आपल्याला भूक लागली आहे इतक्या सहजपणे सांगायचे.

आमची ओळख झाली ती कारखान्यात. आनंदनगर एमआयडीसीतल्या एका लहानशा कारखान्यात मी डिझाइनचं काम बघते. स्टेनलेस स्टीलची कामं: हॉटेलांची सिंक, दवाखान्यांच्या ट्रॉल्या, जिन्यांचे कठडे. एके दिवशी उल्हासनगरचे हरेशभाई आमच्या शेठकडे आले. त्यांचं फर्निचरचं मोठं दुकान. मुलांनी धंदा हातात घेतल्यावर घरच्यांना वाटलं होतं की पपा आता फार्महाउस घेतील. पपांनी एक जुनी शिडाची बोट घेतली आणि मुंबईच्या बंदरात नेऊन बांधली. त्या बोटीच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, नांगर ठेवायची जी बैठक असते ती गंजून गेली होती. तशी नवी करून हवी होती.

ही बैठक म्हणजे मुळात एक मजबूत पन्हळ, तोंडाशी एक चाक. साखळीने नांगर वर ओढला की त्याची दांडी त्या पन्हळीत येऊन बसते आणि फाळ पुढे लोंबत राहतात. मग दांडीच्या आरपार पिन घालायची, वरून दोरीने नांगर बोटीवरच्या खुंट्याला आवळायचा, आणि मागे साखळीला अडकण लावायची. काम एवढंच. मी ड्रॉइंग काढलं, पोरांनी सुंदर वेल्डिंग केलं, पॉलिश असं की तोंड बघून घ्यावं. आणि ती बैठक तपासायला हरेशभाईंनी बोटीवरच्या आपल्या जोडीदाराला, म्हणजे नानांना, पाठवलं.

टेबलाला घट्ट बसवलेली ती बैठक नानांनी एकदा बघितली, बूट काढले, पाय दुमडले आणि तिला चक्क लोंबकळले. खाली उतरून म्हणाले, "मॅडम, माल झकास आहे. पण पत्रा पातळ आहे. नांगर काय नवरदेव आहे का, सिंहासन करायला?"

मी म्हटलं, "पातळ आहे, पण खालून पट्टी दिली आहे. तुमच्यासारखे चार जण लोंबकळले तरी वाकणार नाही."

"चार कुठून आणू? मी एकच आहे."

मग आमच्या प्रेसखाली घालून मी त्यांना ती दाबून दाखवली. ते काटा बघत राहिले, पट्टीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बरं. पातळ आहे पण हट्टी आहे. तुमच्यासारखीच." हरल्याची कबुली ते अशीच द्यायचे. मात्र पिनेच्या बाबतीत ते अडून बसले. पिनेची स्प्रिंग कडक हवी, अंगठ्याने सगळा जोर लावल्याशिवाय ती आत बसता कामा नये. "सहज आत जाते ना, ती सहज बाहेर येते," ते म्हणाले. मला ते पटलं आणि मी कडक स्प्रिंग टाकली.

बैठक बसवायला मी बोटीवर गेले आणि त्यानंतर दर रविवारी जायला लागले. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. बायकोला समुद्र पळवून नेतोय, असं माझा नवरा येईल त्याला सांगायचा. हरेशभाई सुकाणूवर, मी शिडांच्या दोऱ्यांवर आणि नाळेवर नाना, अशी आमची बसायची रीत ठरून गेली. निघण्याआधी हरेशभाई झूलेलालच्या तसबिरीला अगरबत्ती लावायचे, समुद्रात अक्षता आणि साखर सोडायचे, "बेडा पार" म्हणायचे. नाना तोवर नाळेवर उभे राहून नांगर हलवून बघत असायचे. दोघांचीही ती पूजाच होती, असं मला वाटायचं.

नांगर बंदरात टाकताना सगळे नीट टाकतात, नानांचा जीव अडकलेला असायचा तो नांगर वर घेतल्यानंतर. "पाण्यात असतो तेव्हा तो आपली काळजी घेतो," ते म्हणायचे, "वर आला की आपण त्याची घ्यायची. बोट लाटेवर डोकं आपटते ना, तेव्हा पाणी खालून नांगराला लाथ मारतं. एक लाथ, दोन लाथा, चालू. नीट बांधलेला असला तर पडून राहतो. फोटोपुरता बांधलेला असला तर उठतो. आणि उठला की आपलीच बोट फोडतो. शेजारच्याची नाही फोडत." नौदलात उमेदवारी करताना असा उठलेला नांगर त्यांनी पाहिला होता. त्यांच्याबरोबरच्या एका मुलाचा पाय त्यात गेला. त्या मुलाबद्दल एवढंच सांगून ते विषय बदलायचे.

त्यांचा एक नियम होता: बांधणारा वेगळा, ओढणारा वेगळा. मी गाठ मारली की ते ओढून बघणार, हरेशभाईंनी मारली की मी ओढणार. ज्याने बांधलंय त्याच्या हाताला स्वतःची चूक लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्या सुरुवातीच्या गाठी ओढताना तर त्यांना विलक्षण आनंद व्हायचा. एका झटक्यात दोरी सुटायची आणि ते विचारायचे, "मॅडम, ही गाठ होती की राखी?" रागावले किंवा थट्टेवर आले की मी 'मॅडम' असायची. गाठ टिकली तर 'वर्षा'. वर्षा व्हायला मला अख्खा हंगाम लागला.

पण नानांनी बांधलेलं कोण ओढणार? एकदा मी हात पुढे केला तेव्हा हरेशभाईंनीच मला खुणेने थांबवलं. "मॅडम, क्या करता है. नाना साईंनी बांधला ना, बस. बडा आदमी आहे." नानांनी ते ऐकलं आणि मिशीवरून हात फिरवला. आपल्याकडे मोठ्या माणसाने वाढलेलं पान कुणी तपासत नाही, तसंच हे. मीही हात मागे घेतला. त्या दिवसापासून बोटीवर एक गाठ अशी राहिली की जी कधीच कुणी ओढली नाही, आणि ती नेमकी नांगराची होती.

एप्रिलमध्ये त्यांनी मला बदलापूरला बोलावलं. चौदा तारखेच्या जयंतीची त्यांच्या विहारासमोरची कमान दरवर्षी नानांच्या देखरेखीखाली उभी राहायची. बांबू, वासे, दोर, आणि वर निळे झेंडे. पोरं सांगायची की वादळ आलं तर अख्ख्या बदलापुरात फक्त ही कमान उभी राहील. त्या वर्षी मात्र नाना खुर्चीवर बसून होते. "तो वासा आवळ रे! अरे, पोट आवळतोय का स्वतःचं?" आवाज नेहमीसारखा होता, हात तेवढे मांडीखाली दाबलेले. घरी गेलो तर त्यांच्या पत्नीने, सुशीलामावशींनी, मला कपात चहा दिला आणि नानांना पेल्यात, तोही अर्धाच. मी पेल्याकडे बघितलं, मावशींनी माझ्याकडे बघितलं, आणि नाना मोठमोठ्याने लोणच्याबद्दल बोलायला लागले.

पावसाळाभर बोट बंद होती. हंगाम सुरू झाला आणि एका रविवारी आम्ही पलीकडच्या किनाऱ्याला जाऊन जेवून परत निघालो. नांगर वर घेतला, नेहमीप्रमाणे नाना नाळेवर वाकून त्याच्याशी झटत होते. बराच वेळ झटत होते. "झालं का, नाना?" मी विचारलं. "झालं, झालं. घाई काय, गाडी चुकतेय का तुझी?"

दुपारनंतर वारा वाढला आणि मधल्या पाण्यात बोट डोकं आपटायला लागली. आम्हाला त्याची सवय होती. अचानक पुढून धाड असा आवाज आला, मग पुन्हा, आणि प्रत्येक लाटेबरोबर. नांगर पन्हळीतून उडी मारून बाहेर पडला होता आणि साखळीला लोंबकळत बोटीच्या अंगावर घणासारखा आदळत होता. नाना पालथे पडून साखळी धरायला बघत होते. मी सरपटत पुढे गेले. "हरेशभाई, वळवा! वाऱ्याकडे पाठ करा!" मी ओरडले. बोट वळली तसं तिचं आपटणं थांबलं, आणि आम्ही दोघांनी आकड्याने तो नांगर ओढून वर घेतला. बोटीच्या बाजूला पाण्याच्या थोडं वर भलंमोठं भगदाड पडलं होतं. वळायला जरा उशीर झाला असता तर ते पाण्याखालपर्यंत पोचलं असतं.

पिन हरवू नये म्हणून तिला बांधलेल्या बारीक दोरीला ती लोंबत होती. सरळसोट, कुठे वाकलेली नाही, तुटलेली नाही. ती आत बसलेलीच नव्हती. आणि खुंट्याची दोरी सगळी उलगडून पसरली होती. मी ते बघितलं, आणि मी बघितलं हे नानांनी बघितलं. त्यांनी दोरी गोळा केली आणि छातीशी धरून बसले.

"क्या हुआ, मॅडम?" हरेशभाई मागून ओरडले. "पिन टूट गया क्या?"

मी नानांकडे बघत होते. नाना पाण्याकडे बघत होते. कुणीच उत्तर दिलं नाही, आणि हरेशभाईंनी त्यातून त्यांचं उत्तर काढलं.

दुसऱ्याच दिवशी शेठने मला केबिनमध्ये बोलावलं. हरेशभाईंनी फोटो पाठवले होते आणि वर लिहिलं होतं, पिन बोगस आहे. आमच्या बैठका मागवणाऱ्या आणखी दोन बोटवाल्यांना त्यांनी फोनही केले होते, आणि त्या दोघांनी ऑर्डर थांबवली होती. मी ती पिन मागवून घेतली, मशिनवर लावली. ती ठणठणीत होती. "मग नांगर सुटला कसा?" शेठने विचारलं. मी म्हटलं, "पिन चांगली आहे, एवढं मी लिहून देते." त्यापुढचं बोलायला माझी जीभ रेटेना. नानांना रविवार सोडला तर आठवड्यात दुसरं काही नव्हतं. एकदा ते नाव तोंडातून गेलं असतं तर तो रविवारही गेला असता. मला राग येत होता, आणि तो नेमका कुणाचा ते कळत नव्हतं.

त्याच आठवड्यात एका दुपारी नाना कारखान्यात आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मिशी नुकतीच रंगवलेली. बरोबर सुशीलामावशी. आल्या आल्या त्यांनी काहीही हलवून बघितलं नाही. "हरेशला फोन कर, मॅडम," ते म्हणाले. "आत्ता ये म्हणावं. शेठलापण बसव." हरेशभाई उल्हासनगरहून येईपर्यंत ते चहालासुद्धा नको म्हणाले.

सगळे जमल्यावर त्यांनी टेबलावरची नमुन्याची बैठक पुढे ओढली. "हरेश, बघ," ते म्हणाले आणि पिन उजव्या हातात घेतली. ती भोकाशी नेताना त्यांचा हात थरथरत होता आणि पिन स्टीलवर टकटक वाजत होती. डाव्या हाताने उजवं मनगट धरून त्यांनी ती भोकात घातली. मग अंगठा लावला. कपाळावरच्या शिरा दिसायला लागल्या, पण पिन जागची हलली नाही. त्यांनी दोरी घेतली, वेढा दिला, टोक आतून काढायला गेले आणि ते हातातून निसटलं. परत घेतलं, परत निसटलं. मावशींनी मान खाली घातली होती.

"पिन चांगली आहे," नाना म्हणाले. "ही पोरगी चांगलं काम करते. नांगर माझ्याने सुटला. अंगठ्याला म्हणतोय ढकल, तो ऐकत नाही. मागल्या वर्षापासून ऐकत नाही."

हरेशभाईंचा चेहरा लाल झाला. "साईं, पहले बोलायचा ना! बोट गेली असती. मॅडम पुढे होती, ती गेली असती!"

"आधी बोललो असतो तर तू मला घरी बसवलं असतंस."

"हां, बसवलं असतं!"

"म्हणून नाही बोललो." नानांनी हातातली दोरी टेबलावर ठेवली. "हात खोटं बोलायला लागलेत, हरेश. म्हटलं, तोंडाने तरी खरं बोलून घ्यावं. उद्यापासून नाळ वर्षाची."

हरेशभाईंनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, मग डोळे. नंतर त्यांनी तिथेच बसून त्या दोघा बोटवाल्यांना फोन केले आणि सांगितलं, माल एक नंबर आहे, चूक माझ्या बोटीवर झाली. कुणाची ते सांगितलं नाही. पुढे मी बऱ्याच हुशार माणसांबरोबर काम केलं, अजून करते. स्वतःची सगळ्यात लाडकी जागा स्वतःच्या तोंडाने सोडून देणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही.

बोट दुरुस्त झाल्यावर हरेशभाईंनी नानांना बोलावणं धाडलं. नाना म्हणाले, मागे गादीवर बसून काय करू, शेंगदाणे खाऊ? मी बदलापूरला जाऊन विनवलं, तरी तेच. शेवटी आतून सुशीलामावशी पदर सारखा करत बाहेर आल्या. "अहो, इतकी वर्षं ऐकतेय, मला कधी नेलं नाहीत. मला बघायचीय तुमची बोट." नाना त्यांच्याकडे बघतच राहिले. हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मावशी आल्या त्या ठेवणीतली जांभळी साडी नेसून, डब्यात वाटाण्याची भाजी आणि चपात्या घेऊन. नाना त्यांच्या शेजारी मागे बसले. जेवून परत निघताना मी नांगर वर घेतला, अंगठ्याचा सगळा जोर लावून पिन बसवली, दोरी आवळली, आणि तपासणीची वाट बघत मागे वळून पाहिलं. नानांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते मावशींना दूरचं जहाज दाखवत होते, तो दीपस्तंभ, ती कोळ्यांची जाळी. दाखवताना हात हवेत उघड उघड थरथरत होता आणि ते तो लपवत नव्हते. मावशी जहाजाकडे बघून "अगंबाई, केवढं हो!" म्हणाल्या, तो हात धरून त्यांनी आपल्या मांडीवर घेतला, आणि बंदरात परत येईपर्यंत सोडला नाही.